इंजिनाचे आकडे, गिअरबॉक्सचा हिशेब

जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना शहराच्या अलीकडे शेंद्रा औद्योगिक वसाहत लागते. स्कोडाची ऑक्टाव्हिया २००१ सालापासून इथे जोडली जाऊ लागली. पुढे तिची तिसरी पिढी आली तेव्हा आपल्याकडच्या १.८ टीएसआय पेट्रोल इंजिनाची ताकद होती १८० पीएस आणि टॉर्क २५० न्यूटन-मीटर. युरोपात हेच इंजिन चारही चाकं ओढणाऱ्या ऑक्टाव्हियात बसलं. तिथे ताकद तेवढीच राहिली, टॉर्क मात्र २८० झाला. इंजिन तेच होतं, फरक त्याच्या शेजारच्या डब्यात होता. आपल्या गाडीला कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी (दुहेरी क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स) होता आणि त्याची मर्यादाच २५० न्यूटन-मीटर होती. तिकडच्या गाडीला तेलात फिरणाऱ्या क्लचचा सहा गिअरचा डीएसजी होता, तो याहून बराच जास्त टॉर्क पेलतो. म्हणजे तीस न्यूटन-मीटर इंजिनात आधीपासूनच होते. कंपनीनं संगणकात एक आकडा लिहून ते अडवून ठेवले होते.

गाडी रिमॅप करून देणारा असेच आकडे बदलतो. फाइल तयार असेल तर ती गाडीत चढवायला अर्धा-पाऊण तास पुरतो. तो आकडा तिथे का होता, हे समजायला मात्र इंजिन, गिअरबॉक्स, इंधन आणि हवामान या चौघांचा एकत्र हिशेब मांडावा लागतो. तुमच्या हातातलं पुस्तक त्या हिशेबाचं आहे.

वेगवान गाड्यांच्या सॉफ्टवेअरवरच्या पुस्तकाची प्रस्तावना पिंपळगाव रेणुकाईत बसून का लिहायची, असं कुणी विचारील. आमचं गाव ओळखलं जातं ते हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी. मिरची नाशवंत माल. हंगामात इथून निघालेल्या पिकअपला पुढच्या बाजारात वेळेवर पोचायचंच असतं. उशीर झाला की माल नरमतो आणि भाव पडतो. त्यामुळे भोकरदन रस्त्यावरच्या कुठल्याही गॅरेजात ‘गाडीला पिकअप नाही, काहीतरी करा’ हे वाक्य रोज ऐकू येतं. १ एप्रिल २०२० ला धुराचं बीएस-६ मानक लागू झालं आणि त्या पिकअपच्या बॉनेटखालीही ऑक्टाव्हियाच्याच जातीचा संगणक आला. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांनाही धुराचे नवे नियम लागले आणि संगणकावर चालणारं कॉमन रेल इंजिन शेतात उतरलं. हौशी माणसाची रेसिंग गाडी आणि मिरचीची पिकअप यांच्यातली भिंत या काही वर्षांत पडली आहे. ज्ञान मात्र अजून भिंतीपलीकडेच राहिलंय. आमच्याकडचा मिस्त्री स्कॅनर लावतो, कोड वाचतो, पुसतो. त्या कोडच्या मागे जे हजारो आकडे आहेत, त्यांच्यापर्यंत त्याला कुणी नेलेलं नाही.

ट्यूनिंग हा प्रकार काही संगणकाबरोबर आलेला नाही. कार्ब्युरेटरचा जेट बदलणं, डिस्ट्रिब्युटर फिरवून टाइमिंग पुढे घेणं, आरएक्स-१०० च्या सिलिंडरची पोर्टं घासणं हे सगळं ट्यूनिंगच होतं. डिझेल पंपवाल्याकडे जाऊन ‘पंप थोडा वाढवून द्या’ म्हणणारे ट्रकवाले तर सगळ्यांनी पाहिलेत. तेव्हा स्क्रू एक असायचा आणि त्याचा परिणाम सगळीकडे एकसारखा व्हायचा. डिझेल वाढवलं की चढावर गाडी ओढायची आणि सपाटीवर काळा धूर सोडायची. जिथे हवं तिथेच द्यायचं, ही सोय त्या स्क्रूत नव्हती.

ती सोय इलेक्ट्रॉनिक्सनं आणली. बॉशचं डी-जेट्रॉनिक १९६७ साली आलं आणि पेट्रोल किती सोडायचं हे इलेक्ट्रॉनिक डबा ठरवू लागला. १९७९ साली त्याच कंपनीच्या मोट्रॉनिकनं इंधन आणि ठिणगी दोन्ही एकाच डब्यात आणली. बीएमडब्ल्यू ७३२आय ही त्याची पहिली गाडी. पुढच्या दशकात हौशी लोकांनी ते डबे उघडले. आतली मेमरी चिप काढायची, अतिनील प्रकाशाखाली पुसायची, नवे आकडे भरून पुन्हा बसवायची. रिमॅपला आजही कित्येक जण ‘चिप टाकली’ म्हणतात, ते तेव्हापासून. १९९६ साली अमेरिकेत प्रत्येक नव्या गाडीला ओबीडी-२ चं सॉकेट सक्तीचं झालं, चिपांची जागा फ्लॅश मेमरीनं घेतली आणि डबा न उघडता डॅशबोर्डखालून सॉफ्टवेअर वाचता-लिहिता येऊ लागलं. डिझेलचा नंबर १९९७ ला लागला. त्या वर्षी आलेल्या अल्फा रोमिओ १५६ मध्ये कॉमन रेल होतं आणि पंपवाल्याचा स्क्रू तिथे संपला. गिअरबॉक्सची पाळी २००३ ची: फोक्सवॅगन गोल्फ आर-३२ ला दुहेरी क्लचचा डीएसजी बसला. तिथून पुढे क्लच दाबणारा पाय गेला आणि त्याच्या जागी दुसरा संगणक आला.

आपल्याकडे या साखळीचे दुवे बहुतेक महाराष्ट्रातच सापडतात, हे लेखकानं फार नेमकं टिपलं आहे. २००४ साली ऑक्टाव्हिया आरएस १.८ टर्बो पेट्रोल घेऊन आली, १५० पीएसची. टर्बो पेट्रोल म्हणजे काय, हे इथल्या हौशी मंडळींना तिनं शिकवलं. रांजणगावच्या फियाट कारखान्यातून १.३ मल्टिजेट डिझेल निघालं आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या छोट्या गाड्यांत जाऊन बसलं. चाकणहून २०१३ साली पोलो जीटी टीएसआय आली. इंजिन जेमतेम १.२ लिटरचं, १०५ पीएस, पण सोबत सात गिअरचा डीएसजी. आवाक्यातल्या किमतीत टर्बो आणि दुहेरी क्लच एकत्र देणारी ती गाडी. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही रिमॅप करायचा नाद इथल्या बऱ्याच तरुणांना तिनंच लावला.

आता मॅप म्हणजे काय ते थोडक्यात. मॅप म्हणजे कोष्टक. आडव्या रांगेत इंजिनाच्या फेऱ्या, उभ्या रांगेत इंजिनावरचा भार, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा: ठिणगी किती अंश आधी पाडायची, टर्बोनं किती दाब द्यायचा, डिझेल किती मिलिग्रॅम सोडायचं. अशी शेकडो कोष्टकं एका फाइलीत असतात आणि ती एकमेकांवर मर्यादा घालतात. टर्बोचा दाब वाढवला तरी टॉर्कची मर्यादा आडवी येते. ती उठवली की धुराची, ती उठवली की एक्झॉस्टच्या तापमानाची. नवशिक्याला वाटतं कंपनीनं उगाच अडथळे ठेवलेत. प्रत्यक्षात प्रत्येक मर्यादेमागे कुठला तरी पिस्टन वितळलेला असतो, कुठला तरी टर्बो तुटलेला असतो. राजस्थानच्या उन्हात आणि लडाखच्या थंडीत गाड्या पळवून हे आकडे बसवणारे कॅलिब्रेशन इंजिनिअर पुण्याच्या वाहन उद्योगात शेकड्यानं आहेत आणि त्यातले कितीतरी मराठी आहेत. त्यांचं नाव कुठे छापलं जात नाही. त्यांच्या कामाची कदर केल्याशिवाय ट्यूनिंग शिकता येणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

या पुस्तकातला माझा सर्वांत आवडता भाग लॉग वाचण्याचा आहे. लॉग म्हणजे गाडी चालत असताना संगणकाकडून घेतलेली आकड्यांची नोंद. मोकळ्या ट्रॅकवर तिसऱ्या गिअरमध्ये २,००० फेऱ्यांपासून ६,००० पर्यंत ऍक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवायचा आणि त्या काही सेकंदांची नोंद घरी येऊन ओळीओळीनं वाचायची. समजा ४,२०० फेऱ्यांवर संगणकानं तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी साडेचार अंश मागे घेतलीय, बाकी तिघांची एखाद-दीड अंश. मागवलेला दाब आणि मिळालेला दाब तंतोतंत जुळतोय. आत येणारी हवा ३८ अंशांवरून ६१ वर गेलीय. स्कॅनरवर एकही कोड नाही, गाडी मस्त पळते, मालक खूश आहे. पण ब्लॉकवर बसवलेल्या नॉक सेन्सरनं तिसऱ्या सिलिंडरमध्ये ठोका, म्हणजे इंधन अवेळी पेटल्याचा आवाज, ऐकलाय. चारही सिलिंडर सारखे मागे आले असते तर इंधनाकडे किंवा उष्णतेकडे बोट दाखवता आलं असतं. एकटाच मागे येतो तेव्हा त्याचा प्लग काढून बघायचा, इंजेक्टर तपासायचा, व्हॉल्व्हवर काजळी आहे का ते पाहायचं. तोवर एकाही आकड्याला हात लावायचा नाही. ही शिस्त लेखक उदाहरणामागून उदाहरण देत अंगात मुरवतो.

गिअरबॉक्सबद्दल मात्र मला इथे थोडं सविस्तर लिहायचंय, कारण बाजारात सगळ्यात जास्त नासाडी तिथे होते.

आजचं इंजिन पेडलकडून थेट हुकूम घेत नाही. तुम्ही पेडल दाबता तेव्हा संगणक त्याचं भाषांतर टॉर्कच्या मागणीत करतो, मग त्या टॉर्कला हवा किती लागेल ते काढतो, मग थ्रॉटल आणि टर्बो हलवतो. निघालेल्या टॉर्कचा अंदाज तो सतत गिअरबॉक्सच्या संगणकाला कळवत असतो. डीएसजीमध्ये क्लच किती दाबानं धरायचा, हे गिअरबॉक्स त्या निरोपावरून ठरवतो. गिअर बदलताना क्षणभर टॉर्क कमी करा, अशी विनंती तो इंजिनाला उलट पाठवतो आणि इंजिन ठिणगी मागे घेऊन ती मान्य करतं. दोघांचा सगळा व्यवहार या निरोपांवर चालतो.

आता घाईत असलेला ट्यूनर काय करतो? टॉर्कची मर्यादा आडवी आली की ती रीतसर वाढवण्याऐवजी टॉर्कचा अंदाज काढणारं कोष्टकच खोटं करतो. इंजिन ३०० न्यूटन-मीटर काढतंय, पण स्वतःला आणि गिअरबॉक्सला २४० च सांगतंय. कुठलीच मर्यादा ओलांडल्याचं दिसत नाही, डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, आकडा झकास येतो. पण पोत्यावर चाळीस किलो लिहून आत साठ भरले तर हमाल चाळीसच्याच तयारीनं वाकतो, तसं गिअरबॉक्सचं होतं. क्लच २४० च्या दाबानं धरला जातो, वरच्या टॉर्कला तो घसरतो, घसरला की तापतो, आणि कोरडा क्लच तापला तर त्याची उष्णता काढून न्यायला तेलही नसतं. सुरुवातीला फेऱ्या वाढतात पण वेग त्या मानानं वाढत नाही. पुढे पहिल्या-दुसऱ्या गिअरला धक्के बसू लागतात. मग मालक म्हणतो, डीएसजी नाजूकच असतो. बहुतेक वेळा तो नाजूक नसतो, त्याला खोटं सांगितलेलं असतं.

पोलो जीटी टीएसआयचा कंपनीचा टॉर्क १७५ न्यूटन-मीटर. जबाबदार रिमॅपवाले तो सव्वादोनशेच्या आसपास नेतात. गिअरबॉक्सच्या २५० च्या आत राहून गाडी अंगात आल्यासारखी पळते, आणि निरोप खरे असतील तर क्लचही टिकतो. ऑक्टाव्हिया १.८ मध्ये मात्र कंपनी आधीच २५० वर उभी होती, तिथे वाढवलेला प्रत्येक न्यूटन-मीटर गिअरबॉक्सच्या खात्यातून येतो. दोन गाड्या, एकाच जातीचा गिअरबॉक्स आणि दोन वेगळी उत्तरं. ‘माझ्या गाडीचं स्टेज वन, म्हणजे पार्ट न बदलता नुसता रिमॅप, करायचं का’ या प्रश्नाला एक उत्तर नसतं, ते यामुळे.

या क्षेत्रात घराणी बरीच आहेत. पुस्तक त्या सगळ्यांची ओळख करून देतं आणि कुणाचीही भलावण करत नाही. सर्वांत मोठं घराणं तयार फाइलींचं. गावचा गॅरेजवाला एका साधनानं गाडीची फाइल वाचतो आणि इंटरनेटवरून दूरच्या ट्यूनरला पाठवतो. तासाभरात बदललेली फाइल परत येते, तो ती गाडीत लिहितो. त्याच्या साधनानं वाचलेली फाइल त्याची त्यालाच उघडता येत नाही, कारण ती उघडायची किल्ली दूरच्या ट्यूनरकडे असते. पैसे घेणारा, गाडी हाताळणारा आणि जबाबदारी अंगावर येणारा माणूस आपण गाडीत नेमकं काय भरलं ते सांगू शकत नाही, ही व्यवस्था मला घातक वाटते. दुसरं घराणं एकेका गाडीवर बसून, लॉग बघत, टप्प्याटप्प्यानं फाइल घडवणाऱ्यांचं. त्यांची संख्या कमी, काम संथ, पैसे जास्त. तिसरं पिगीबॅक डब्याचं, जे आमच्या पिकअपांत सर्रास दिसतं. डिझेलच्या रेलमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीत हा डबा शिरतो आणि दाब आहे त्याहून कमी असल्याचं सांगतो. संगणक बिचारा दाब वाढवत राहतो. काढला की मागमूस नाही, म्हणून तो लोकप्रिय. पण त्याला टर्बो कळत नाही, धूर कळत नाही, गिअरबॉक्स तर मुळीच कळत नाही. चौथं घराणं रेसिंगवाल्यांचं. तिथे कंपनीचा संगणक काढून हॉलटेक किंवा मोटेक यांसारखा स्वतंत्र संगणक बसवतात. ते परवडत नसेल त्यांच्यासाठी २००१ च्या सुमारास अमेरिकेतल्या दोघांनी मेगास्क्वर्ट नावाचा स्वतः जोडायचा संच आणला आणि त्याची सगळी माहिती लोकांसमोर ठेवली. इंधनाचं कोष्टक कोऱ्या पानापासून भरायला शिकायचं असेल तर आजही जुन्या मारुतीवर मेगास्क्वर्ट बसवण्यासारखी शाळा नाही.

कायद्याचा भाग लेखकानं टाळलेला नाही, याचा मला आनंद आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ तपशिलांपेक्षा वेगळे बदल परवानगीविना करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. रस्त्यावरच्या गाडीचा रिमॅप हा कंपनीच्या वॉरंटीपुरता प्रश्न नाही, हे ग्राहकाला आधी सांगायला हवं. विमा कंपनीलाही ते कळायला हवं. मोकळ्या हातानं ट्यूनिंग करायचं तर जागा शर्यतीच्या ट्रॅकवर आहे. कोइंबतूर आणि चेन्नईचे ट्रॅक आहेत, आणि आपल्याकडे नाशिक-पुण्याच्या मंडळींनी मोटारस्पोर्ट कितीतरी वर्षं जिवंत ठेवलं आहे.

आणि धूर. २०१५ साली फोक्सवॅगनचं प्रकरण जगभर गाजलं. चाचणी चालू असल्याचं ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करणारं सॉफ्टवेअर कंपनीनंच डिझेल गाड्यांत घातलं होतं. भारतात पुण्याच्या एआरएआय संस्थेनं चाचण्या घेतल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरात ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवण्याचं कंपनीनं जाहीर केलं. ती दुरुस्तीही मुख्यतः सॉफ्टवेअरचीच होती. फाइलीतल्या काही आकड्यांनी लाखो गाड्यांचा धूर बदलतो, हे त्यातून लोकांना पहिल्यांदा कळलं. आज आमच्याकडे बीएस-६ पिकअपचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोंदला की तो कापून टाकून सॉफ्टवेअरमधून ‘डिलीट’ करून देणारे भेटतात. बाजार ते शेत, शेत ते बाजार अशा छोट्या फेऱ्यांत फिल्टर पुरेसा तापत नाही, साचलेली काजळी जळत नाही, म्हणून तो चोंदतो. अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं फेऱ्या चढत्या ठेवून गाडी चालवली तर बऱ्याचदा तो स्वतःच मोकळा होतो. डिलीट कसं करायचं ते या पुस्तकात नाही. ते घालू नये, असं लेखकाचं आणि माझं एकमत होतं. ज्या बाजारात माणसं पहाटेपर्यंत पिकअपांच्या मागे उभी राहून पोती भरतात, तिथला धूर त्यांच्याच छातीत जातो.

हे सगळं आत्ताच का वाचायचं? एक कारण पेट्रोल. पंपावर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागे साधारण १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला जवळजवळ नऊ टक्के जास्त इंधन. धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्बडा सेन्सर बरंचसं सावरून घेतो, पण रिमॅप करून आधीच इंजेक्टर आणि पंप काठावर आणलेल्या गाडीत सावरायला जागा उरत नाही. दुसऱ्या बाजूनं, ई-२० चा ऑक्टेन ९५ आहे, आधीच्या साध्या पेट्रोलचा ९१ होता, त्यामुळे ठोक्याची भीती कमी होते. जुनी फाइल जशीच्या तशी चालवणं आणि नव्या इंधनावर नव्यानं बसवणं यांत केवढा फरक पडतो, ते पुस्तकातल्या लॉगवरून नीट कळेल. युरोपातल्या ९८ ऑक्टेनवर, वीस अंशांच्या हवेत घडवलेली फाइल मे महिन्यातल्या भोकरदन तालुक्यात लावणाऱ्यांनी तर तो भाग दोनदा वाचावा.

दुसरं कारण समृद्धी महामार्ग. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि जालना जिल्ह्यातल्या गाड्यांना दारात १२० किलोमीटरच्या वेगमर्यादेचा रस्ता मिळाला. ड्रॅग शर्यतीत इंजिनावर पूर्ण भार दहा-पंधरा सेकंद येतो. समृद्धीवर भरलेली गाडी उन्हात तासन्‌तास एका लयीत पळते. इंटरकूलर तापतो, गिअरबॉक्सचं तेल तापतं, टायर तापतात. डायनोच्या एका फेरीत सुंदर दिसलेला रिमॅप तिथे चाळिसाव्या मिनिटाला उघडा पडतो. आपल्या भागातल्या ट्यूनरनं ताकदीचा शिखर-आकडा विकण्याऐवजी चाळिसाव्या मिनिटाचं तापमान दाखवावं, अशी माझी फार इच्छा आहे.

या पुस्तकाचा आग्रह मर्यादित आहे आणि मला तोच मोलाचा वाटतो. ते वाचून कुणी आठवड्यात ट्यूनर होणार नाही. कुठल्या गाडीला कुठली फाइल, अशी यादी त्यात नाही. डिप्लोमाचा विद्यार्थी, स्कॅनर वापरणारा मिस्त्री आणि स्वतःच्या गाडीवर जीव असलेला मालक, हे तिघं एका टेबलाशी बसून एकच लॉग वाचू शकतील, एवढं ते करू पाहतं. म्हणून भाषा गॅरेजची आहे, आणि गणित आलं तिथे ते बेरीज-गुणाकाराच्या पलीकडे जात नाही. गिअरबॉक्सला इंजिनाइतकीच पानं दिली आहेत. माझ्या पाहण्यातल्या दुसऱ्या कुठल्याही भाषेतल्या अशा पुस्तकात हे प्रमाण नाही.

वाचायला बसण्याआधी एक साधा स्कॅनर मिळवा, नोंद घेता येईल असा. आपली नाहीतर मित्राची गाडी, कुठलाही बदल न केलेली, घ्या. कूलंटचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि ठिणगीचे अंश एवढे तीनच रकाने निवडा आणि नेहमीच्या रस्त्यानं नेहमीसारखी गाडी चालवून नोंद घ्या. पहिलं प्रकरण त्या कागदापासूनच सुरू होतं.

पिंपळगाव रेणुकाई,
ता. भोकरदन, जि. जालना